घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग: विखुरलेल्या टीममध्ये काम करणाऱ्या टेस्टरचे नेहमीचे प्रश्न

टेस्टर पुण्यात, नाशिकला किंवा कोल्हापुरात, डेव्हलपर बर्लिनला आणि प्रॉडक्ट मॅनेजर न्यूयॉर्कला, अशी टीम आता नवलाची राहिलेली नाही. हे पान अशा टीममध्ये नुकतेच आलेल्या आणि काही महिने काम करून अडचणीत सापडलेल्या टेस्टरसाठी आहे. वेब आणि मोबाइल ॲपचं टेस्टिंग डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

ऑफिसमधल्या टेस्टिंगपेक्षा यात खरा फरक कशाचा?

प्रश्न विचारण्याच्या किमतीचा. ऑफिसात बग अर्धवट लिहिला तरी डेव्हलपर खुर्ची वळवून विचारतो, ‘कुठल्या युजरने लॉगिन केलं होतंस?’ आणि दोन मिनिटांत विषय मिटतो. न्यूयॉर्कचा डेव्हलपर हाच प्रश्न टिकेटवर (बगच्या ऑनलाइन नोंदीवर) टाकतो तेव्हा तुमच्याकडे रात्र असते. तुम्ही सकाळी उत्तर देता, तेव्हा तो झोपलेला असतो. एका प्रश्नाला एक दिवस, तीन प्रश्नांना तीन दिवस, आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक टप्प्यात) कामाचे दिवस दहाच. खाली जे काही सांगितलं आहे, त्यातलं बहुतेक सगळं हे प्रश्न कमी करण्यासाठीच आहे.

कामाची वेळ कशी ठरवायची?

आधी रोजचा सामाईक वेळ ठरवा. दीड-दोन तास मिळाले तर पुरतात, पण ते पक्के हवेत. बर्लिनचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. युरोपच्या टीमसोबत काम सोपं जातं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ मात्र रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला वाजतात. तिथे रोजच्या मीटिंगचा आग्रह धरू नये. आठवड्यातून दोनदा भेटावं आणि बाकीचं लिहून चालवावं.

भारतात घड्याळ बदलत नाही, त्यांच्याकडे बदलतं, आणि दोघांकडे वेगवेगळ्या दिवशी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या त्या दिवसांत तिन्ही देशांच्या मीटिंगची हमखास चुकामूक होते. मीटिंग कॅलेंडरवर कोणाच्या टाइमझोनमध्ये लावली आहे हे पाहून ठेवा. ज्याच्या झोनमध्ये लावली त्याची वेळ कायम राहते, बाकीच्यांची सरकते.

बग रिपोर्टमध्ये नेमकं काय असलं पाहिजे?

शीर्षकापासून सुरुवात करा. ‘इन्व्हॉइसची तारीख चुकीची येते’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘ब्राउझरचा टाइमझोन न्यूयॉर्क असताना इन्व्हॉइसच्या यादीत तारीख एक दिवस मागची दिसते’ असं लिहिलं की ट्रायाजच्या (कोणता बग आधी घ्यायचा हे ठरवण्याच्या) मीटिंगमध्ये टिकेट उघडायचीही गरज पडत नाही.

मग पुढच्या गोष्टी. बिल्ड नंबर (ॲपच्या त्या आवृत्तीचा क्रमांक), आणि मिळत असेल तर कमिटचा हॅश (कोडमधल्या त्या बदलाची खूण). ‘लेटेस्ट बिल्ड’ लिहू नका, कारण तो वाचेपर्यंत लेटेस्ट बदललेलं असतं. एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे ॲप कुठल्या सर्व्हरवर तपासलं त्याचं नाव. कोणत्या टेस्ट अकाउंटने लॉगिन केलं आणि त्या अकाउंटचा रोल काय. कोणते फीचर फ्लॅग (एखादी सुविधा चालू-बंद करणारे स्विच) चालू होते, कारण ‘आमच्याकडे येत नाही’ या उत्तरामागे फ्लॅगचा फरक अनेकदा निघतो. ब्राउझर किंवा फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीसह. स्टेप अशा लिहा की एका स्टेपमध्ये एकच कृती येईल आणि भरलेली किंमत जशीच्या तशी येईल. ‘रक्कम भरा’ नको, ‘रक्कम १०००.५० भरा’ हवं. पैशांच्या दोन दशांशांतच बग लपलेला असू शकतो.

अपेक्षित निकाल कुठल्या आधारावर अपेक्षित आहे तेही एका ओळीत द्या: अमुक युजर स्टोरीतला (गरजेच्या लेखी वर्णनातला) अमुक मुद्दा, किंवा मागच्या रिलीजमधलं वागणं. हे नसलं की ‘हे असंच असायला हवं’ या वादात दोन दिवस जातात.

किती वेळा करून पाहिलं आणि किती वेळा बग आला, हे आकड्यात लिहा. ‘कधीकधी येतो’ आणि ‘१० पैकी ३ वेळा येतो’ यात डेव्हलपरच्या दृष्टीने फार फरक आहे.

शेवटची गोष्ट वेळ. सर्व्हरचे लॉग (नोंदी) बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमच्या घड्याळात दुपारी २:३५ ला एरर आली असेल तर ‘०९:०५ यूटीसी’ असं लिहा, आणि रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा क्रमांक) येत असेल तर तो कॉपी करून टाका. हा एक आयडी असला की डेव्हलपर थेट लॉगच्या त्या ओळीवर पोहोचतो.

‘रिप्रो होत नाही’ (बग पुन्हा घडवता येत नाही) म्हणून टिकेट परत आलं तर?

लगेच रीओपन करू नका, आणि गप्प बसून बंदही होऊ देऊ नका. आधी नवीन प्रायव्हेट विंडोत, नव्याने बनवलेल्या अकाउंटने तेच करून पाहा. बग गेला, तर दोष जुन्या कॅशेत किंवा जुन्या डेटात आहे, आणि ही स्वतःच मोठी माहिती आहे: खऱ्या ग्राहकांकडेही जुना डेटा असतो. बग राहिला, तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. आधी ब्राउझर, मग भाषा, मग टाइमझोन, मग नेटवर्क. काय बदलल्यावर बग जातो ते टिकेटवर लिहा. ‘माझ्याकडे अजून येतोय’ एवढंच लिहिलं तर टिकेट फक्त इकडून तिकडे फिरत राहतं.

टाइमझोनचे बग भारतात बसून दिसत नाहीत. मग पकडायचे कसे?

विखुरलेल्या टीममधल्या टेस्टरने सर्वात आधी शिकावं असं हेच.

जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२६-०३-०५’ अशी नुसती तारीख ‘डेट’ला दिली की ती यूटीसी मध्यरात्र समजली जाते. भारतात ती सकाळचे साडेपाच होते, म्हणजे तारीख ५ मार्चच दिसते आणि टेस्ट पास होते. न्यूयॉर्कमध्ये तोच क्षण ४ मार्चच्या संध्याकाळी सातचा असतो आणि स्क्रीनवर ४ मार्च उमटतं. पुण्यातल्या टेस्टरला हा बग जन्मात दिसणार नाही. उलट प्रकारही आहे: युजरने कॅलेंडरमधून ५ मार्च निवडलं, ॲपने स्थानिक मध्यरात्र घेतली आणि यूटीसीत बदलून साठवली. भारतातून ती ४ मार्च १८:३० होऊन एक दिवस मागे जाते, पण न्यूयॉर्कच्या डेव्हलपरकडे ती ५ मार्चच राहते. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच बग दिसतो, आणि दोघेही प्रामाणिकपणे म्हणतात की दुसरा बग नाहीच.

उपाय सोपा आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये तीन टिंबांच्या मेनूतून ‘मोअर टूल्स’, त्यात ‘सेन्सर्स’. तिथे ‘लोकेशन’मध्ये सॅन फ्रान्सिस्को, बर्लिन, टोकियो अशी शहरं तयार असतात. शहर निवडलं की त्या टॅबचा टाइमझोनही बदलतो. मग पेज रीलोड करा. डेव्हलपर टूल्स बंद केली की बदल निघून जातो, म्हणून ती उघडी ठेवूनच टेस्ट करा. प्लेराइट या ऑटोमेशनच्या साधनात टाइमझोन कॉन्फिगरेशनमध्येच देता येतो. तारखांच्या टेस्ट तीन झोनमध्ये चालवा: एक यूटीसीच्या मागचा, एक पुढचा आणि एक अर्ध्या तासाचा. अर्ध्या तासाचा झोन आपल्या घरातच आहे. फरक पूर्ण तासांतच असतो असं धरून लिहिलेला कोड भारतात लगेच उघडा पडतो, आणि काठमांडूच्या पावणेसहा तासांपुढे तर हमखास.

घड्याळबदलाचे दिवस वेगळे तपासा. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटे अडीच ही वेळ अस्तित्वातच नसते, आणि १ नोव्हेंबर २०२६ ला रात्रीचा दीड दोनदा वाजतो. दीडला ठरवलेलं रिमाइंडर एकदा जातं की दोनदा, हे बघा. दिवसाचे तास २४ धरून केलेली हजेरीची किंवा भाड्याची गणितं या दोन दिवशी चुकतात.

बगसोबत काय जोडायचं आणि काय अजिबात जोडायचं नाही?

स्क्रीन रेकॉर्डिंग ३० सेकंदांच्या आत ठेवा आणि सुरुवातीला बिल्ड नंबर दिसेल असं बघा. पाच मिनिटांचा व्हिडिओ कोणी बघत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमधली एरर मजकूर म्हणून पेस्ट करा, फोटो नको, कारण फोटोतलं शोधता येत नाही. अँड्रॉइडचे लॉग बग आल्याबरोबर काढा. त्यांची जागा मर्यादित असते आणि नवीन ओळी जुन्यांना पुसत जातात. चहा पिऊन आलात तर हवं ते गेलेलं असतं.

नेटवर्कच्या नोंदीची ‘हार’ फाइल फार उपयोगी पडते, आणि तितकीच धोक्याची असते. तिच्यात कुकी आणि लॉगिनचे टोकन असू शकतात, म्हणजे ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावाने आत शिरू शकतो. २०२३ मध्ये ऑक्टा या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसलेल्यांनी ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइलींतून सेशनचे टोकन मिळवले होते. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत संवेदनशील भाग गाळून एक्स्पोर्ट करण्याची सोय आहे, तीच वापरा. फाइल दिल्यावर त्या अकाउंटमधून लॉगआउट करा.

खऱ्या ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नका. प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या ग्राहकांचा डेटाबेस घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेणं तर कोणी सांगितलं तरी करू नका, डेटा मास्क करून (खरी नावं-नंबर झाकून) मागा. युरोपचा ग्राहक असेल तर जीडीपीआर हा तिकडचा डेटा संरक्षण कायदा लागू होतो, आणि भारताचाही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

घरी किती फोन ठेवावेत?

दोन पुरतात: ३ किंवा ४ जीबी रॅमचा स्वस्त अँड्रॉइड आणि एक आयफोन. महागडा अँड्रॉइड टेस्टिंगला सर्वात कमी उपयोगाचा, कारण त्यावर सगळंच चालतं. स्वस्त फोनवर ॲप मागे गेलं की सिस्टिम ते मारून टाकते आणि परत आल्यावर अर्धा भरलेला फॉर्म रिकामा दिसतो. हा बग मुद्दाम आणायचा तर डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा.

बाकी मॉडेलसाठी दूरचे फोन इंटरनेटवरून वापरू देणारी ब्राउझरस्टॅकसारखी सेवा घ्या (ही कंपनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली). पण तिथला फोन तुम्ही व्हिडिओतून बघत असता, त्यामुळे स्क्रोल अडखळतो का, ॲनिमेशन तुटतं का, यावर त्यातून मत देऊ नका. ब्लूटूथ, बोटाचा ठसा, मध्येच आलेला कॉल, लिफ्टमध्ये तुटलेलं नेटवर्क यांसाठी हातातलाच फोन हवा. आयफोनवरच्या सफारीचा कन्सोल बघायला मॅक लागतो. कंपनी मॅक देत नसेल तर हे काम आपल्या यादीतून काढून ज्याच्याकडे आहे त्याला द्या, आणि तसं टेस्ट प्लॅनमध्ये लिहून ठेवा.

सकाळी उठून बघावं तर रात्रीच्या ऑटोमेशनमध्ये (आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) अर्ध्या टेस्ट लाल, म्हणजे फेल. सुरुवात कुठून करायची?

आधी पहिली लाल टेस्ट वेळेनुसार शोधा. चाळीस टेस्ट एकदम पडल्या असतील तर चाळीस बग नसतात. बहुधा लॉगिन पडलेलं असतं, डेटाबेस भरलेला असतो किंवा ऐन मध्ये कोणीतरी डिप्लॉय केलेलं (नवा कोड सर्व्हरवर टाकलेला) असतं. आपली पहाट म्हणजे अमेरिकेची संध्याकाळ, आणि घरी जाण्याआधी डिप्लॉय करण्याची सवय सगळीकडे आहे. रात्रीच्या रनची वेळ ठरवताना टीमची डिप्लॉयची वेळ विचारून घ्या.

मग उरतात एकदा पास, एकदा फेल होणाऱ्या टेस्ट. त्यांची कारणं मोजकी असतात. ठरावीक सेकंद थांबायला सांगितलेलं असतं: तुमच्या लॅपटॉपवर तीन सेकंद पुरतात, सर्व्हरवर चार लागतात. घटक दिसेपर्यंत थांबा असं लिहा. सेलेनियम या साधनात इम्प्लिसिट (सगळ्या घटकांना एकच) आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक घटकासाठीचा) वेट एकत्र करू नका, थांबण्याचा काळ भलताच होतो. दुसरं कारण डेटा: दोन टेस्ट एकाच युजरवर चालतात आणि एक दुसरीचं कार्ट रिकामं करते. प्रत्येक टेस्टने आपला युजर स्वतः बनवावा. तिसरं कारण क्रम: एकटी चालवली की पडते, सगळ्यांसोबत पास होते, म्हणजे आधीच्या टेस्टच्या उष्ट्यावर ती जगते आहे. चौथं कारण वेळ: भारतात रात्री १२ ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान यूटीसीची तारीख अजून कालची असते, आणि ‘आज’ची तुलना करणाऱ्या टेस्ट नेमक्या तेव्हा पडतात.

रीट्राय (पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) लावून हिरवं करणं हा उपाय नाही. लावायचाच तर एकच लावा आणि दुसऱ्या वेळी पास झालेल्या टेस्टची वेगळी यादी ठेवा. प्लेराइटमध्ये पहिल्या रीट्रायला ट्रेस नोंदवून घेता येतो, त्यात प्रत्येक क्लिकच्या आधी आणि नंतरचं पान दिसतं. अशी टेस्ट आठवडाभरात दुरुस्त होत नसेल तर ती मुख्य संचातून बाहेर काढा. लाल रंगाकडे दुर्लक्ष करायची सवय टीमला लागली की खरा बगही त्यातून निसटतो.

स्टेजिंग (रिलीजआधी तपासण्याचा सर्व्हर) सगळ्यांचं एकच आहे. कोणीतरी सारखं मोडतं.

चॅटवर एक वेगळा चॅनल करा. ‘आता १७:०० यूटीसीपर्यंत पेमेंट टेस्ट करतोय, डिप्लॉय नको’ एवढी ओळ पुरते. टेस्ट अकाउंटच्या नावात आपली अद्याक्षरं घाला म्हणजे कोणाचा डेटा कोणी पुसला ते कळतं. ईमेलसाठी प्लस चिन्हाचे पत्ते (‘नाव+टेस्ट१@’ असे) वापरा, एकाच इनबॉक्समध्ये हवी तेवढी अकाउंटं मावतात. फॉर्म प्लस चिन्ह नाकारत असेल तर तोही बगच, नोंदवा. ओटीपीसाठी स्टेजिंगवर ठरावीक नंबर आणि ठरावीक ओटीपी मागून घ्या, खऱ्या एसएमएसची वाट बघत टेस्टिंग होत नाही.

घरून परफॉर्मन्स मोजता येतो का?

नाही. व्हर्जिनियातल्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायलाच पुण्यातून २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, त्यात व्हीपीएनची भर. जेमीटर हे लोड टाकणारं साधन सर्व्हरजवळच्या क्लाउड मशीनवर कमांड लाइनमधून चालवा. त्याची खिडकीवाली आवृत्ती फक्त स्क्रिप्ट लिहायला असते, लोड टाकायला नाही. घरून एक गोष्ट मात्र उत्तम होते: खराब नेटवर्कवर ॲप कसं वागतं ते बघणं.

वीज आणि इंटरनेटची काय सोय ठेवावी?

पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बऱ्याचदा गुरुवारी जाते, महावितरणचा संदेश येतो. गुरुवारी दुपारी रिलीजची टेस्टिंग ठेवू नका. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एकालाच दिला तर दिवे लागतात आणि नेट येत नाही. मोबाइल हॉटस्पॉटचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा.

दिवस संपताना काय लिहून ठेवायचं?

चार-पाच ओळी, रोज एकाच जागी. नमुना असा:

‘बिल्ड ४१२, स्टेजिंग. चेकआउट पूर्ण तपासलं, रिफंड तपासलेलं नाही (पेमेंटचा चाचणीचा सँडबॉक्स ११:०० यूटीसीपासून बंद). दोन नवे बग, त्यातला कूपनचा रिलीज अडवणारा आहे. कूपनची मर्यादा ग्राहकामागे की ऑर्डरमागे, हे आज ठरलं तर उद्या सकाळी टेस्ट पूर्ण होईल. मी उद्या ०४:३० यूटीसीला परत.’

काय तपासलं नाही ही ओळ गाळू नका. तिच्या जोरावरच रात्री कोणी रिलीजचा निर्णय घेतो. रिलीज तुमच्या झोपेच्या वेळी होणार असेल तर कोणते बग असताना थांबायचं हे आधी लेखी ठरवा, आणि तो निर्णय तिथे जागं असलेल्या एका माणसाच्या नावावर ठेवा. टेस्टरला रात्री दोनला फोन करून ‘सोडू का?’ विचारणं ही पद्धत नव्हे, आणि तसं स्पष्ट सांगायला कचरू नका.

मॅनेजर बगांची संख्या मोजतो. काय करावं?

संख्या मोजली की एका बगाचे चार होतात आणि बारीकसारीक टायपो नोंदवले जातात. त्याऐवजी दोन गोष्टी दाखवा: प्रॉडक्शनमध्ये निसटलेले बग, आणि माहिती अपुरी म्हणून परत आलेली टिकेटं. दुसरा आकडा कमी होत गेला की डेव्हलपरच तुमच्या बाजूने बोलतात.

फ्रेशरने थेट घरून सुरुवात करावी का?

पर्याय असेल तर पहिले सहा महिने ऑफिसात काढा. अनुभवी टेस्टर एक बग कसा हुडकतो ते शेजारी बसून जितकं कळतं, तितकं कॉलवर कळत नाही. पर्याय नसेल तर आठवड्यातून दोनदा तासभर सिनिअरसोबत स्क्रीन शेअर करून एकत्र टेस्टिंग करायचं, हे नोकरी स्वीकारतानाच मागून घ्या.

टेस्टरना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन पातळीची परीक्षा ४० प्रश्नांची, पास व्हायला २६ बरोबर हवेत. वेळ ६० मिनिटं, आणि परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर ७५. शब्दसंपत्ती सारखी व्हावी म्हणून ती ठीक, पण मुलाखतीत तिच्यापेक्षा स्वतः लिहिलेले तीन चांगले बग रिपोर्ट दाखवा. कुठलंही मोफत, ओपन सोर्स ॲप घ्या आणि त्याचे लिहा.

आणि लॅपटॉपची अनामत किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागून घरून टेस्टिंगची नोकरी देणारा संदेश टेलिग्रामवर आला तर तो फसवणुकीचाच समजा. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.